खुर्चीमागचे तास

महाराष्ट्रात दंतवैद्य व्हायचं तर बारावीनंतर 'नीट' द्यावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ७२० गुणांचा एकच पेपर. मग सीईटी सेलच्या फेऱ्या आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. कोणाला मुंबईच्या सरकारी कॉलेजात किंवा नायरमध्ये जागा मिळते, कोणाला नेरूळ, खारघर, कामोठ्याच्या खासगी कॉलेजांत. या सगळ्या वाटेवर एक प्रश्न कोणीच विचारत नाही: दंतवैद्य दिवसभर नेमकं काय करतो, हे तुम्ही कधी जवळ उभं राहून पाहिलं आहे का? पाहिलं नसेल तर गुण कमी होत नाहीत, पाहिलं असेल तर वाढत नाहीत. ड्रिलचा आवाज, लाळेत मिसळलेलं रक्त, किडलेल्या दाढेचा वास, मान वाकवून पाऊण पाऊण तास करावं लागणारं काम, यांची खरी ओळख होते ती तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग लागल्यावर. तोवर दोन वर्षांची फी भरून झालेली असते.

अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. तिथे आधी पदवी, मग डेंटल स्कूलची चार वर्षं. अर्ज करण्यापूर्वी उमेदवारानं काम करणाऱ्या दंतवैद्याच्या खुर्चीमागे काही काळ उभं राहून काम पाहिलेलं असावं, अशी अपेक्षा असते. याला तिथे शॅडोइंग म्हणतात आणि ते तासांत मोजतात. काही संस्था पन्नास तासांची अपेक्षा ठेवतात, काही शंभराची. काही आकडा सांगत नाहीत, पण मुलाखतीत हमखास विचारतात. ब्रिटनमधल्या डेंटल स्कूलनाही उमेदवारानं दवाखान्यातलं काम पाहिलेलं हवं असतं. २०२६च्या प्रवेशांपासून तिथल्या अर्जातलं निवेदन तीन ठरावीक प्रश्नांत विभागलं आहे आणि त्यातला एक प्रश्न अभ्यासाबाहेर काय तयारी केली याचाच आहे.

हे सगळं भिवंडीच्या मुलांना कशाला सांगायचं, असं वाटू शकेल. कारण सरळ आहे. ठाणे जिल्ह्यातून बीडीएस झालेल्या कितीतरी मुली लग्नानंतर न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात जातात. तिथे भारतातल्या पदवीवर बहुतेक राज्यांत दवाखाना काढता येत नाही. मग 'कॅपिड' या सामाईक अर्जातून परदेशी दंतवैद्यांसाठीच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा. त्याआधी आयएनबीडीई ही परीक्षा द्यायची. २०२० साली सुरू झालेली ही परीक्षा दोन दिवसांची आणि पाचशे प्रश्नांची असते. गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यायचं आणि अनुभवाचा रकाना भरायचा. या रकान्यापाशी येऊन अनेकींचं गाडं अडतं. अनुभव असतो, भरपूर असतो, पण तो कागदावर नसतो.

हा पेच नवा नाही. दंतवैद्यकाची कॉलेजं निघण्यापूर्वी सगळं शिक्षण उमेदवारीतूनच होई. कामात मुरलेल्या दंतवैद्याकडे फी भरून राहायचं, त्याची हत्यारं धुवायची, पाहायचं आणि हळूहळू हात घालायचा. किती काळ राहिलं म्हणजे शिकलं, हे त्या गुरूच्या शब्दावर ठरे. १८४० साली होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. १८४१ साली त्याच्या पहिल्या तुकडीतून दोघंच पदवीधर बाहेर पडले. उमेदवारीची प्रथा त्यानंतरही बराच काळ चालू राहिली आणि तिचा सर्वात मोठा फायदा एका बाईला झाला. ल्युसी हॉब्ज ही मिशिगनमधली शाळामास्तरीण. तिला सिनसिनाटीच्या वैद्यकीय महाविद्यालयानं बाई म्हणून नाकारलं, तिथल्याच दंतवैद्यक महाविद्यालयानंही नाकारलं. त्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख जोनाथन टाफ्ट यांनी मात्र तिला काही महिने आपल्या दवाखान्यात शिकू दिलं. पुढे सॅम्युएल वॉर्डल यांच्याकडे तिनं उमेदवारी केली. १८६१पासून ती स्वतःचा दवाखाना चालवू लागली. चार वर्षांनी आयोवा राज्याच्या दंतवैद्य संघटनेनं तिला सभासद करून घेतलं आणि तिच्यासाठी आग्रह धरला. तेव्हा त्याच दंतवैद्यक महाविद्यालयानं तिची प्रॅक्टिसची वर्षं शिक्षणात धरून तिला थेट वरच्या वर्गात घेतलं. १८६६ साली ती दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिच्या अनुभवाला किंमत आली, कारण तो पाहिलेली माणसं त्याची साक्ष द्यायला तयार होती.

भारतात पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय १९२० साली कलकत्त्याला निघालं. ते काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतच, आयोवा विद्यापीठात शिकून आले होते. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४८चा दंतवैद्य कायदा आला, १९४९ साली दंतपरिषद स्थापन झाली आणि प्रवेश, अभ्यासक्रम, नोंदणी सगळं नियमांत बसलं. त्या नियमांत निरीक्षणाला जागा मिळाली, पण ती प्रवेशानंतरची.

ती जागा लहान नाही, हेही सांगायला हवं. बीडीएसच्या मुलांना नोंदी ठेवण्याची सवय अजिबात नसते असं म्हणणं अन्याय होईल. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात प्रत्येक विभागाचं जर्नल असतं, केस हिस्टरी लिहाव्या लागतात आणि 'कोटा' असतो. इतकी एक्स्ट्रॅक्शन, इतक्या फिलिंग, इतकी स्केलिंग, पूर्ण कवळीचा पेशंट. प्रत्येक कामावर मॅडमची किंवा सरांची सही. परीक्षा जवळ आली की वसतिगृहात एकच चौकशी चालते: कोटा झाला का, साइन मिळाली का? कवळीचा पेशंट मिळेना म्हणून मुलं गावाकडून आजोबांना घेऊन येतात, कधी पेशंटची फी स्वतःच्या खिशातून भरतात. मग वर्षभराची इंटर्नशिप. तिची वाटणीही ठरलेली: शल्यक्रिया आणि कृत्रिम दंतविभाग दीड-दीड महिना, सामाजिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवा तीन महिने, बाकी विभाग पंधरा दिवस ते महिना. प्रत्येक ठिकाणी लॉगबुक.

या पद्धतीचं मोल मी मानतो. तिच्यात एक खोट मात्र आहे आणि ती दूरवर नडते. कोटा फक्त केलेलं काम मोजतो. पाहिलेलं काम त्यात कुठेच येत नाही. वरच्या वर्गातल्या ताईनं अवघड अक्कलदाढ काढली तेव्हा तासभर बाजूला उभं राहून दिवा धरला, तो तास कुठल्याच वहीत जात नाही. शिवाय लॉगबुक पुष्कळदा विभागातच जमा होतं आणि पाच वर्षांनी मागायला गेलं तर कोणत्या कपाटात आहे ते सापडत नाही. म्हणून पहिला सल्ला अगदी साधा: इंटर्नशिप संपायच्या आत प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर पोस्टिंगच्या तारखांचं पत्र घ्या.

आता भिवंडीकडे वळू, कारण पाहण्यासारखं इथे फार आहे.

यंत्रमागाचं हे गाव बारा बारा तासांच्या पाळ्यांत जगतं. कल्याण नाका, धामणकर नाका, शांतीनगर, पद्मानगर, निजामपुरा, कुठल्याही रस्त्याला लागा, दातांचा दवाखाना सापडतो. तळमजल्याचा गाळा, काचेचं दार, आत एक किंवा दोन खुर्च्या. सकाळी बायका-मुलं, दुपारी सामसूम आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर बाकावर गर्दी. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चार भाषांत 'दुखतंय' ऐकू येतं. माग चालू असताना शेजाऱ्याशी बोलणंही जमत नाही अशा खात्यात माणूस रात्रभर उभा असतो आणि जागं राहण्यासाठी गालात काहीतरी धरतो. तंबाखू, सुपारी, मावा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरीही तो मिळतो. घराघरांत मिश्रीही आहे, विशेषतः बायकांमध्ये.

त्याचं फळ खुर्चीत बसल्यावर दिसतं. तिशीतला कारागीर दाढ दुखते म्हणून येतो. डॉक्टर म्हणतात, "तोंड उघडा." तो म्हणतो, "साहेब, एवढंच उघडतं." आपल्या हाताची तीन बोटं उभी तोंडात जावीत, इथे जेमतेम एक जातं. निरोगी प्रौढ माणसाच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर साधारण चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून थोडं जास्त भरतं. इथे पट्टी लावली तर वीसच्या आत. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात, तिखट लागलं की आग होते. हा सबम्युकस फायब्रोसिस. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये आढळलेल्या या विकाराचं वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केलं आणि १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांवरून तो मांडून त्याला नाव दिलं. मूळ कारण सुपारी. तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलेलं आहे. हा विकार झालेल्यांपैकी काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.

अमेरिकेतल्या एखाद्या नीटनेटक्या उपनगरी दवाखान्यात शंभर तास उभ्या राहिलेल्या मुलीला यातलं एकही तोंड दिसणार नाही. भिवंडीत आठवडाभर उभी राहणारीला ते दिसेल. म्हणून मला वाटतं, इथल्या निरीक्षणाचे तास कमी प्रतीचे समजून परदेशी अर्जात ते चोरून, ओझरते लिहिणं ही मोठी चूक आहे. पण त्यांचं वजन तास सांगून पडत नाही. वजन पडतं ते काय पाहिलं हे सांगता आलं तर.

यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी पाळीअखेर वहीत किती तास माग चालला ते लिहीत नाही, किती मीटर कापड उतरलं ते लिहितो, कारण मजुरी मीटरवर असते. निरीक्षणाची वही तशीच लिहावी.

पाहिलेलं लिहून ठेवण्यातून केवढं काम उभं राहू शकतं, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक लहानसा विभाग होता. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग हे त्यातले प्रमुख. तिथल्या दंतवैद्यांनी गावोगाव जाऊन माणसांची तोंडं तपासली. सवय कोणती, चट्टा कुठे, किती, कसला, हे सगळं ठरलेल्या नमुन्यात उतरवलं. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. याच परंपरेतल्या एका अभ्यासात सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षांच्या काळात लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना कर्करोग झाला, म्हणजे शेकडा ७.६. तंबाखू सोडण्याविषयी घरोघरी समजावून सांगितलं तर फरक पडतो का, हे पाहण्यासाठी ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. हे सगळं त्या त्या दिवशी, त्या त्या तोंडापाशी लिहिलेल्या ओळींतून आलं. आठवणीतून लिहिलं असतं तर यातला एकही आकडा टिकला नसता.

म्हणून वही. फोनमधली यादी चालेल, पण कागदी वहीवर सही घेता येते, तिचं महत्त्व अधिक. प्रत्येक दिवसाला एक नोंद आणि ती त्याच रात्री. तारीख, आलो ती वेळ, निघालो ती वेळ, दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि राज्य दंतपरिषदेचा नोंदणी क्रमांक. मग काय काय पाहिलं. इथे कंजुषी करू नये. नुसतं 'आरसीटी' लिहून पुढे जायचं नाही. खालची पहिली दाढ, दुसरी बैठक, रबर डॅम लावला होता, मुळाची लांबी मोजायला यंत्र वापरलं आणि नंतर एक्स-रेवर पडताळलं. पेशंट घाबरला होता, डॉक्टरांनी आधी हाताची खूण ठरवून घेतली: दुखलं तर डावा हात वर करा. शेवटी, मला न समजलेली एक गोष्ट आणि डॉक्टरांनी दिलेलं उत्तर. ही शेवटची ओळ मुलाखतीत सोन्याच्या मोलाची ठरते, कारण ती बनावट लिहिता येत नाही.

तास मोजताना हात आखडता ठेवावा. जेवणाची सुट्टी धरायची नाही. अंजूरफाट्याच्या कोंडीत गेलेला पाऊण तास धरायचा नाही. पेशंट नसताना फोन पाहत बसलो तो वेळही नाही. पावणेतीन तास झाले तर पावणेतीनच. आठवड्याला एकदा पानाखाली डॉक्टरांची सही घ्यावी. महिन्याच्या शेवटी एकदम घेतलेल्या चार सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या दिसतात आणि पाहणाऱ्याला शंका येते. सगळं संपल्यावर लेटरहेडवर पत्र: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला सरासरी किती, एकूण किती, डॉक्टरांचा फोन आणि ईमेल. पत्रातली बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळली पाहिजे. अमेरिकेच्या सामाईक अर्जात हेच विचारतात: संस्था, देखरेख करणारी व्यक्ती, तिचा संपर्क, तारखा, आठवड्याचे सरासरी तास. त्या व्यक्तीशी संपर्क करायला तुमची परवानगी आहे का, हेही विचारतात. परवानगी देऊन ठेवावी. नाही म्हटलं तर वाचणारा थबकतोच.

डॉक्टरांचा ईमेल ही क्षुल्लक वाटणारी बाब सर्वांत जास्त घात करते. भिवंडीतले कितीतरी चांगले, जुने दंतवैद्य ईमेल फारसा पाहत नाहीत. परदेशी संस्थेनं पत्र पाठवलं तर ते दोन महिने न उघडता पडून राहील. पत्र घेतानाच त्यांना सांगून ठेवावं: सर, अशा अशा नावानं ईमेल येऊ शकतो. आणि दवाखान्यात ईमेल पाहणारं दुसरं कोणी असेल तर त्याचाही पत्ता पत्रात घालावा.

याहून मोठी अडचण रोखीच्या पगाराची. बीडीएस झाल्यावर मुलं दोन-तीन वर्षं कोणाच्या तरी दवाखान्यात असोसिएट म्हणून काम करतात. पगार रोख, नेमणुकीचं पत्र नाही, सोडताना अनुभवाचा दाखला नाही. त्या वेळी मागायला संकोच वाटतो, कारण नातं घरोब्याचं असतं. पुढे दवाखाना विकला जातो, डॉक्टर मुलाकडे दुबईला जातात आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून हातात उरतो एकत्र काढलेला एक फोटो. संकोच बाजूला ठेवून काम सुरू झाल्या महिन्यातच साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्याव्यात. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

इथे एक भेद स्पष्ट ठेवायला हवा, कारण घोळ इथेच होतो. स्वतःच्या हातानं केलेलं काम, मग ते इंटर्नशिपमधलं असो की असोसिएट म्हणून केलेलं, हे निरीक्षण नव्हे. पगार घेऊन केलेली सहायकाची कामंही निरीक्षण नव्हेत. ग्रामीण सेवेत पडघ्यासारख्या ठिकाणच्या शिबिरात केलेली तपासणी वेगळ्या रकान्यात जाते. एकच तास दोन रकान्यांत कधीही लिहू नये. अर्ज वाचणारे हजारो अर्ज वाचतात, बेरीज आठवड्याच्या तासांत मावत नसेल तर त्यांच्या लगेच लक्षात येतं. नात्यातल्या डॉक्टरांकडचे तासही जपून लिहावेत. काकांच्या दवाखान्यात शिकायला मिळतं ते खरं, पण शिफारस करणारा नात्यातला असला की तिचं वजन उरत नाही. एकच दवाखाना न पाहता दोन-तीन पाहावेत: एक साध्या प्रॅक्टिसचा, एक लहान मुलांच्या किंवा शल्यक्रियेच्या तज्ज्ञाचा आणि जमलं तर सरकारी रुग्णालयाची ओपीडी. तिथे परवानगी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज करूनच मिळते. त्या अर्जाची पोहोचही जपून ठेवावी, ती स्वतःच एक पुरावा आहे.

पेशंटविषयीचे नियम मात्र कोणत्याही सोयीपुढे झुकवायचे नाहीत. वहीत नाव नाही, फोन नंबर नाही, राहण्याचा पत्ता नाही. 'पस्तिशीतला माग कामगार' एवढं पुरे. भिवंडीत गल्लीचं नाव आणि कारखान्याचं वर्णन मिळालं तर माणूस ओळखू येतो, हे विसरू नये. तोंडाचा फोटो आपल्या फोनवर काढायचा नाही, डॉक्टरांनी काढला असला तरी मागायचा नाही. अमेरिकेत १९९६च्या हिपा कायद्यानं हे बंधन घातलं आहे. आपल्याकडे दंतवैद्यांच्या २०१४च्या आचारसंहितेत रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी आहे आणि २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहे. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट येते: खुर्चीत आडवं पडलेला, तोंड उघडं ठेवलेला माणूस त्या वेळी बोलू शकत नाही. म्हणून तो आडवा पडण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला त्याच्या भाषेत विचारावं: ही मुलगी शिकायला आली आहे, उभी राहिली तर चालेल ना? तो नाही म्हणाला तर बाहेर जायचं. तो वेळ तासांत धरायचा नाही.

हात लावायचा नाही. अमेरिकेत हे काटेकोर असतं, निरीक्षक पेशंटला स्पर्शही करत नाही. आपल्याकडच्या दवाखान्यात गर्दी वाढली की डॉक्टर सहज म्हणतात, "जरा हे सक्शन धर." आदरापोटी नाही म्हणवत नाही. तरी नम्रपणे नाही म्हणावं. शिकून झालेलं नसताना धरलेलं सक्शन पेशंटच्या घशाला लागू शकतं आणि परदेशी अर्जात ते कौतुकानं लिहिलं तर उमेदवाराला नियम कळत नाहीत, एवढंच सिद्ध होतं. जाण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करावी, मास्क आणि चष्मा स्वतःचा न्यावा, एक्स-रे काढताना खोलीबाहेर जावं. आणि पहिल्याच दिवशी हत्यारं कशी निर्जंतुक करतात ते पाहून लिहावं: धुणं, पाकिटात बंद करणं, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला दाबाखाली ठरलेला वेळ ठेवणं. जिथे ही साखळी नीट पाळली जाते त्या दवाखान्यात उभं राहावं. पाळली जात नसेल तर दुसरा दवाखाना शोधावा.

ज्यांना परदेशी जायचंच नाही, त्यांनाही मी हेच सांगेन आणि 'नीट'च्या आधी सांगेन. दहावीच्या सुट्टीत आठ दिवस एखाद्या डॉक्टरांना विचारून कोपऱ्यात उभं राहा. खासगी कॉलेजच्या फीपायी भिवंडीत किती घरं माग गहाण टाकतात, सोनं मोडतात. ज्या मुलीला रक्त पाहून तिसऱ्या दिवशीही चक्कर येते, तिला ते सोळाव्या वर्षी कळलेलं बरं. आणि जिला त्या एका बोटभर उघडणाऱ्या तोंडाकडे पाहून हा माणूस कसा बरा होईल याचा विचार रात्री सोडत नाही, तिलाही ते तेव्हाच कळलेलं बरं. ती वही कोणत्याही फेरीत कुणी मागणार नाही, पण कॉलेज निवडताना तिचा उपयोग होईल.

शेवटी अर्जाच्या तारखांबद्दल. डेंटल स्कूलचे सामाईक अर्ज अमेरिकेतल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडतात, परदेशी दंतवैद्यांचे 'कॅपिड' अर्ज सहसा मार्चच्या सुमारास. एकदा अर्ज सादर केला की आधी लिहिलेली नोंद बदलता येत नाही. नवे तास नवी नोंद म्हणून जोडावे लागतात. त्यामुळे चालू असलेलं निरीक्षण 'चालू' म्हणूनच दाखवावं, पुढचे तास आधीच धरू नयेत आणि वहीची बेरीज अर्जाच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा पानापानानं करून घ्यावी.